वाचक विचारतात : पुणे विद्यापीठ वर चढले की खाली आले?

सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाविषयी वाचकांची पत्रे अधूनमधून येतच असतात. २०२५ सालातल्या क्रमवारीच्या बातम्यांनंतर मात्र त्यांचा ओघ एवढा वाढला की या खेपेचे सदर त्यांच्यासाठीच राखून ठेवणे योग्य वाटले. एकाच आशयाची पत्रे एकत्र केली आहेत. वैयक्तिक तक्रारींची उत्तरे त्या त्या वाचकांना स्वतंत्रपणे कळवली असल्यामुळे ती येथे घेतलेली नाहीत.

प्रश्न : जून २०२५ मध्ये पेपरात वाचले की पुणे विद्यापीठाने जागतिक क्रमवारीत मोठी झेप घेतली. सप्टेंबरमध्ये त्याच पेपरात वाचले की राष्ट्रीय क्रमवारीत विद्यापीठाची मोठी घसरण झाली. तीन महिन्यांत असे काय बिघडले? माझ्या मुलाला पदव्युत्तर अभ्यासक्रमाला प्रवेश घ्यायचा आहे, तेव्हा यातले खरे कोणते मानावे?
– एक पालक, सिन्नर

उत्तर : दोन्ही बातम्या खऱ्या आहेत आणि तीन महिन्यांत काही बिघडलेलेही नाही. जूनमध्ये आलेली क्रमवारी ‘क्यूएस’ या लंडनच्या संस्थेची होती. तिच्या २०२६ च्या यादीत विद्यापीठाला ५६६ वा क्रमांक मिळाला, तर त्याच्या आदल्या यादीत ते ६३१ ते ६४० या गटात होते. सप्टेंबरमध्ये जाहीर झाली ती केंद्रीय शिक्षण मंत्रालयाची ‘एनआयआरएफ’ क्रमवारी. तीत सर्वसाधारण गटात विद्यापीठ ३७ वरून ९१ वर, विद्यापीठांच्या गटात २३ वरून ५६ वर, तर राज्य सार्वजनिक विद्यापीठांच्या गटात ३ वरून ११ वर गेले. हा शेवटचा आकडा अधिक बोलका आहे, कारण हा गट २०२४ मध्ये नव्याने सुरू झाला तेव्हा अण्णा विद्यापीठ आणि जादवपूर विद्यापीठ यांच्यानंतर पुण्याचेच नाव होते आणि त्याचे कौतुकही भरपूर झाले होते.

एकाच विद्यापीठाला दोन ठिकाणी इतका वेगळा न्याय मिळतो, कारण दोन्ही ठिकाणी मोजले जाते ते वेगळे असते. क्यूएसच्या १०० गुणांपैकी ४५ गुण केवळ लौकिकाचे आहेत. त्यांपैकी ३० गुण जगभरच्या प्राध्यापकांना विचारलेल्या मतावर आणि १५ गुण नोकऱ्या देणाऱ्यांच्या मतावर मिळतात. पंचाहत्तर वर्षे जुन्या, परदेशी विद्यार्थ्यांचा मोठा राबता असलेल्या आणि नावात ‘पुणे’ असलेल्या विद्यापीठाला येथे काही पुण्याई आयतीच लाभते. आणखी २० गुण दरडोई संदर्भांचे आहेत, म्हणजे विद्यापीठातल्या शोधनिबंधांचा इतरांनी किती वेळा हवाला दिला, त्या संख्येला शिक्षकांच्या संख्येने भागले जाते. आता गंमत अशी की छेद लहान झाला की भागाकार मोठा होतो. जुने निबंध वाचले जात राहतात, त्यांचे संदर्भ वाढत राहतात आणि ते लिहिणारे शिक्षक मात्र निवृत्त होत जातात. निवृत्तीमुळे क्रमवारीत गुण वाढावेत, हे ऐकायला विचित्र वाटेल, पण त्रैराशिक येणाऱ्या कोणालाही ते पडताळून पाहता येईल.

एनआयआरएफमध्ये ही सोय नाही. तेथे अध्यापन व साधनसामग्रीला ३० गुण, संशोधन व व्यावसायिक कामगिरीला ३०, विद्यार्थ्यांच्या निकालाला व पुढील वाटचालीला २०, सर्वसमावेशकतेला १० आणि लोकांच्या मताला अवघे १० गुण आहेत. अध्यापनाच्या गुणांत विद्यार्थी-शिक्षक प्रमाण तर येतेच, शिवाय शिक्षकांपैकी पीएच.डी. असलेले किती आणि त्यांचा अनुभव किती, हेही येते. ज्येष्ठ प्राध्यापक निवृत्त झाले आणि त्यांची जागा रिकामी राहिली की येथे गुणांना तिहेरी चाट बसते. प्रमाण बिघडते, सरासरी अनुभव घटतो आणि पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांना मार्गदर्शक मिळेनासे होतात, कारण विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांनुसार मार्गदर्शक हा पूर्णवेळ नियमित शिक्षकच असावा लागतो. पुणे विद्यापीठात मंजूर शिक्षकपदांपैकी निम्म्याहून अधिक पदे रिक्त आहेत. या घसरणीसाठी दुसरे कारण शोधत फिरण्याची फारशी गरज आहे, असे मला वाटत नाही. विद्यापीठ २०२० मध्ये याच क्रमवारीत विद्यापीठांच्या गटात नवव्या स्थानी होते. २०२१ मध्ये ते अकरावे, २०२२ मध्ये बारावे, २०२३ मध्ये एकोणिसावे आणि २०२४ मध्ये तेविसावे आले. तेव्हा २०२५ ची पडझड एका रात्रीत झालेली नाही. पायऱ्या आधीपासूनच उतरणे चालू होते, त्या वर्षी एकदम अनेक उतरल्या एवढेच.

आता आपल्या मुलाविषयी. प्रवेश घ्यायचा असतो तो विभागात, क्रमवारीत नव्हे. एखाद्या कामाच्या दिवशी सकाळी संबंधित विभागात जावे आणि नोटीस बोर्डावर लावलेले वेळापत्रक शांतपणे वाचावे. प्रत्येक तासिकेपुढे शिक्षकाची आद्याक्षरे असतात. ती वहीत उतरवून घ्यावीत आणि कार्यालयात विनयाने विचारावे की यांपैकी पूर्णवेळ कोण, कंत्राटी कोण आणि तासिका तत्त्वावर येणारे कोण. तासिका तत्त्वावरचे शिक्षक वाईट शिकवतात, असा याचा अर्थ मुळीच नाही, अनेक ठिकाणी तेच विभागाचा गाडा ओढत आहेत. मात्र पुढच्या सत्रात ते तेथे असतील की नाही हे त्यांनाही ठाऊक नसते आणि दोन वर्षांचा प्रबंध अशा अनिश्चिततेवर बेतणे विद्यार्थ्याच्या हिताचे नाही. ज्या विभागात चार-पाच पूर्णवेळ शिक्षक आणि चालती प्रयोगशाळा आहे, तेथे विद्यापीठाचा क्रमांक कितीही असला तरी निःशंकपणे प्रवेश घ्यावा.

प्रश्न : जागा रिकाम्या आहेत, नेट-सेट झालेले हजारो उमेदवार बेकार आहेत. मग भरती का होत नाही?
– निवृत्त मुख्याध्यापक, कराड

उत्तर : आपला प्रश्न राज्यातल्या सगळ्याच अकृषी विद्यापीठांना लागू पडतो. पुण्यापुरते बोलायचे तर डिसेंबर २०२३ मध्ये १११ पदांची जाहिरात निघाली होती. प्राध्यापकांची ३२, सहयोगी प्राध्यापकांची ३२ आणि सहायक प्राध्यापकांची ४७ अशी त्यांची विभागणी होती. जाहिरात निघणे आणि माणूस वर्गावर उभा राहणे यांमध्ये जो रस्ता आहे तो असा : पदांना आधी उच्च शिक्षण व वित्त विभागाची मान्यता, मग बिंदुनामावलीची, म्हणजे आरक्षणानुसार लावलेल्या पदांच्या यादीची, मागासवर्ग कक्षाकडून तपासणी, मग अर्जांची छाननी, मग प्रत्येक विषयासाठी विषयतज्ज्ञ आणि कुलपतींचे प्रतिनिधी असलेली निवड समिती, मग मुलाखती. यांपैकी एका टप्प्यावर निवडणुकीची आचारसंहिता लागली, निवडीची कार्यपद्धती वरून बदलली किंवा कोणी न्यायालयात गेले की सगळे थांबते आणि तोवर आणखी काही शिक्षक निवृत्त होतात. या प्रक्रियेतला प्रत्येक टप्पा पारदर्शकतेच्या नावाने आलेला आहे आणि त्यांपैकी बहुतेक आवश्यकही आहेत. पण सगळ्यांना मिळून कालमर्यादा कोणी घातलेली नाही, आणि माझ्या मते दोष तेथे आहे. विद्यापीठ प्रशासनाला जबाबदार धरणे सोपे असले तरी पदमान्यतेची किल्ली मुंबईत, मंत्रालयात असते, हे विसरून चालणार नाही.

प्रश्न : मी विद्यापीठाशी संलग्न असलेल्या महाविद्यालयात बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. क्रमवारीतील घसरणीमुळे आमच्या पदवीची किंमत कमी होईल का?
– विद्यार्थिनी, संगमनेर

उत्तर : नाही. एनआयआरएफ क्रमवारीत विद्यापीठाची जी माहिती धरली जाते ती विद्यापीठाच्या स्वतःच्या आवारातल्या विभागांची असते. पुणे, अहिल्यानगर आणि नाशिक या तीन जिल्ह्यांत पसरलेल्या संलग्न महाविद्यालयांतले लाखो विद्यार्थी त्या हिशेबात येतच नाहीत. महाविद्यालयांसाठी वेगळा गट असतो आणि त्यात महाविद्यालयाने स्वतः भाग घ्यावा लागतो. आपल्या पदवीवर विद्यापीठाचे नाव असेल, परंतु नोकरी देणारा किंवा पुढे प्रवेश देणारा आपले गुण, आपल्या महाविद्यालयाचे ‘नॅक’ मूल्यांकन आणि आपली तयारी पाहील. विद्यापीठाच्या बातम्यांत बहुसंख्य विद्यार्थी कोठेच दिसत नाहीत, ही आपल्या पत्रामागची खंत मात्र योग्य आहे. संगमनेर, सिन्नर किंवा जुन्नर येथील महाविद्यालयात काय चालले आहे, हे पुण्याच्या वृत्तपत्रांना परीक्षेचा घोळ झाल्याखेरीज कळत नाही.

प्रश्न : ‘पुणे विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी नवी दीर्घिका शोधली’ असे एका वाहिनीवर ऐकले. दुसऱ्या दिवशी एका मित्राने सांगितले की विद्यापीठाचा त्याच्याशी संबंध नाही. नेमके काय?
– वाचक, चिंचवड

उत्तर : आपले मित्र जवळजवळ बरोबर आहेत. ही बातमी नोव्हेंबर २०२५ मधली. ‘अलकनंदा’ असे नाव दिलेली ही सर्पिल दीर्घिका पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रातल्या, म्हणजे ‘एनसीआरए’तल्या संशोधकांनी जेम्स वेब अवकाश दुर्बिणीच्या निरीक्षणांतून शोधून काढली. महास्फोटानंतर सुमारे दीडशे कोटी वर्षांनी विश्व जसे होते त्या काळातली ही दीर्घिका आहे. एवढ्या लवकरच्या काळात दीर्घिका ओबडधोबड आणि विस्कळीत असतील, सुबक सर्पिल भुजा तयार व्हायला पुष्कळ काळ लागत असेल, असे सर्वसाधारणपणे मानले जात होते. अलकनंदेला मात्र दोन स्पष्ट भुजा आहेत, आणि अभ्यासकांना तिचे अप्रूप वाटते ते यामुळेच. म्हणजे ही तबकडी आपण समजत होतो त्यापेक्षा फार लवकर घडली आणि ती कशी घडली याचा विचार नव्याने करावा लागेल.

आता मालकीचा प्रश्न. गणेशखिंडीतले विद्यापीठाचे आवार सुमारे ४११ एकरांचे आहे आणि जुन्या वाड्यात जशी निरनिराळी बिऱ्हाडे नांदत असत, तशा येथे अनेक राष्ट्रीय संस्था नांदतात. एनसीआरए ही मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा भाग आहे. नारायणगावजवळ खोडद येथे ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची जी महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण आहे, ती हीच संस्था चालवते. शेजारची ‘आयुका’ ही विद्यापीठ अनुदान आयोगाने १९८८ मध्ये स्थापन केलेली, देशातल्या सर्व विद्यापीठांसाठीची खगोलशास्त्राची संस्था आहे. पेशी विज्ञानाचे राष्ट्रीय केंद्र याच आवारात आहे आणि ज्या ‘सी-डॅक’ने १९९१ मध्ये ‘परम ८०००’ हा महासंगणक तयार केला, तिचे घरही दीर्घकाळ येथेच होते. यांपैकी एकीचेही वेतन, नेमणुका किंवा शोधनिबंध विद्यापीठाच्या खात्यावर जमा होत नाहीत.

आपले मित्र ‘जवळजवळ’ बरोबर, असे म्हटले ते एवढ्यासाठी की शेजाराला अर्थ असतो. डॉ. जयंत नारळीकरांनी आयुका उभारण्यासाठी मुंबई सोडली तेव्हा, विद्यापीठांतल्या शिक्षकांना आणि विद्यार्थ्यांना अव्वल दर्जाच्या खगोलशास्त्राचे दार उघडे असावे, हाच हेतू होता आणि म्हणून ती संस्था विद्यापीठाच्या आवारात असणे महत्त्वाचे होते. २० मे २०२५ रोजी त्यांचे पुण्यात निधन झाले. त्या आठवड्यात त्यांच्यावर आलेल्या लेखांत कुलगुरूंपासून शाळकरी मुलांपर्यंत सर्व थरांतल्या लोकांनी त्यांच्याविषयी लिहिले. शाळकरी मुलांचा उल्लेख मुद्दाम केला आहे. आयुकाच्या आवारात पु. ल. देशपांडे प्रतिष्ठानच्या देणगीतून उभी राहिलेली ‘मुक्तांगण विज्ञान शोधिका’ आहे आणि तेथे महानगरपालिकेच्या शाळांतली मुले टाकाऊ वस्तूंपासून खेळणी करून विज्ञान शिकतात. दर वर्षी २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनी, आयुका सर्वांसाठी खुली असते. चार्ल्स कोरिया यांनी आखलेल्या त्या इमारतीच्या मधल्या चौकात आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन आणि आइन्स्टाइन यांचे पुतळे आहेत आणि त्या दिवशी त्यांच्याभोवती पाय ठेवायला जागा नसते. चिंचवडहून जायचे असेल तर सकाळी लवकर निघावे.

प्रश्न : विद्यापीठाची मुख्य इमारत म्हणजे पूर्वीचे गव्हर्नमेंट हाउस, हे माहीत आहे. परंतु ज्या इमारतीचा प्लेगच्या काळातल्या अत्याचारांशी संबंध होता, तिच्यासमोर सावित्रीबाईंचा पुतळा असणे विसंगत नाही का? आणि नाव बदलल्याने विद्यापीठाला काय मिळाले, हेही सांगावे.
– ज्येष्ठ वाचक, ठाणे

उत्तर : आपण ज्याला विसंगती म्हणता, तोच मला या जागेचा सर्वांत मोठा अर्थ वाटतो, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

इमारतीचे काम गव्हर्नर सर बार्टल फ्रियर यांच्या कारकिर्दीत १८६४ मध्ये सुरू झाले आणि १८७१ मध्ये संपले. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता, त्या तेजीच्या भरात हा बेत आखला गेला. युद्ध संपले, तेजी कोसळली आणि पावसाळ्यात चार महिने राहायच्या बंगल्यावर इतका पैसा कशाला, म्हणून फ्रियर यांच्यावर बरीच टीका झाली. सरकारी बांधकामाचा खर्च अंदाजपत्रकाबाहेर जाणे ही आपल्याकडची जुनीच परंपरा आहे, तेव्हा त्याबद्दल अधिक लिहीत नाही. इटालियन घाटाचा उंच मनोरा, लांब सज्जे आणि मोठे दिवाणखाने असलेली ही वास्तू पुढे सत्तर-पंचाहत्तर वर्षे गव्हर्नरांचे पावसाळी निवासस्थान राहिली.

२२ जून १८९७ रोजी येथे राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाच्या हीरक महोत्सवाचा समारंभ झाला. तो आटोपून रात्री परतणाऱ्या रँडवर दामोदर चापेकरांनी आणि आयर्स्ट या लष्करी अधिकाऱ्यावर बाळकृष्ण चापेकरांनी गणेशखिंड रस्त्यावर गोळ्या झाडल्या. आयर्स्ट जागीच ठार झाला, तर रँड ३ जुलैला मरण पावला. हा रँड म्हणजे पुण्याच्या प्लेग समितीचा अध्यक्ष. घरात शिरून झडत्या घेणाऱ्या, सामान जाळणाऱ्या आणि माणसांना फरफटत छावणीत नेणाऱ्या त्या मोहिमेमुळे शहर धुमसत होते. एवढा भाग आपल्याकडे शाळेपासून सांगितला जातो.

त्याच प्लेगमध्ये, रँडच्या वधाच्या अवघे साडेतीन महिने आधी, १० मार्च १८९७ रोजी सावित्रीबाई फुले वारल्या. त्यांचे दत्तक पुत्र डॉ. यशवंत यांनी शहराबाहेर प्लेगच्या रुग्णांसाठी दवाखाना चालवला होता, तेथे रुग्णांची शुश्रूषा करताना त्यांना संसर्ग झाला. म्हणजे एकाच साथीला एकाच शहरात, एकाच उन्हाळ्याच्या आगेमागे, तीन वेगळी उत्तरे दिली गेली : सरकारने लष्कर पाठवले, चापेकरांनी पिस्तूल उचलले आणि एका सहासष्ट वर्षांच्या बाईने आजारी माणसाला हात लावला. ज्या वास्तूत सत्तेची मेजवानी झाली, तिच्यासमोर फेब्रुवारी २०२२ मध्ये या बाईचा पूर्णाकृती पुतळा उभा राहिला. या वास्तूच्या आवाराला लागून असलेल्या गणेशखिंड रस्त्यावर चापेकरांचे स्मारकही आहे. यात विसंगती असली तर ती इतिहासाची आहे आणि ती झाकून ठेवण्यापेक्षा विद्यापीठाने नवागत विद्यार्थ्यांना पहिल्याच दिवशी सांगावी, असे मी म्हणेन.

नावाविषयी. १० फेब्रुवारी १९४९ रोजी स्थापन झालेल्या पुणे विद्यापीठाचा नामविस्तार २०१४ मध्ये झाला. नावाने शिक्षकांच्या जागा भरल्या जात नाहीत, हे मान्यच. परंतु १८४८ मध्ये भिडे वाड्यात मुलींना शिकवण्यासाठी निघालेल्या बाईच्या अंगावर ज्या शहरात शेण-चिखल फेकला गेला, त्याच शहराच्या विद्यापीठाच्या प्रत्येक पदवीपत्रावर आज तिचे नाव आहे. काय मिळाले असे आपण विचारता, तर पदवीपत्र हातात घेणाऱ्या मुलींच्या दृष्टीने ही गोष्ट लहान नाही.

प्रश्न : माझे वडील कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयातून १९५७ साली पदवीधर झाले. त्यांच्या पदवीची दुय्यम प्रत शिवाजी विद्यापीठाकडे मागितली, तर त्यांनी पुण्याला जाण्यास सांगितले. ही टोलवाटोलवी आहे का?
– वाचक, कोल्हापूर

उत्तर : या वेळी नाही. स्थापनेच्या वेळी पुणे विद्यापीठाचे कार्यक्षेत्र बारा जिल्ह्यांचे होते आणि कोल्हापूर त्यात होते. शिवाजी विद्यापीठ १९६२ मध्ये स्थापन झाले, त्यामुळे आपल्या वडिलांची परीक्षा पुणे विद्यापीठाने घेतली आणि पदवीही त्यानेच दिली. खानदेशातल्या वाचकांनाही हेच लागू पडते, कारण जळगावचे विद्यापीठ होण्याआधीच्या तेथील पदव्या पुण्याच्याच आहेत. पुण्याच्या परीक्षा विभागाकडे अर्ज करावा, आणि परीक्षेचे वर्ष, महिना, बैठक क्रमांक किंवा निदान महाविद्यालयाचा दाखला यांपैकी जे हाती असेल ते सोबत जोडावे. बैठक क्रमांक माहीत नसला तरी महाविद्यालयाच्या जुन्या रजिस्टरमध्ये तो बहुधा सापडतो, तेव्हा आधी राजाराम महाविद्यालयात चौकशी करणे शहाणपणाचे.

प्रश्न : घरची परिस्थिती बेताची आहे. विद्यापीठाच्या ‘कमवा व शिका’ योजनेबद्दल ऐकले आहे. ती फक्त पुण्याच्या आवारात आहे की आमच्याकडेही? काम कसले असते? मित्र म्हणतात, झाडलोट करावी लागते.
– विद्यार्थी, इगतपुरी

उत्तर : कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या नावाने चालणारी ही योजना विद्यापीठाच्या विभागांत आणि सहभागी होणाऱ्या संलग्न महाविद्यालयांत, अशी दोन्हीकडे चालते. ती विद्यार्थी विकास मंडळाकडून राबवली जाते. आपल्या महाविद्यालयात विद्यार्थी विकास अधिकारी म्हणून एका प्राध्यापकाकडे हे काम सोपवलेले असते, त्यांना वर्षाच्या सुरुवातीलाच भेटावे, कारण मंजूर संख्या भरली की नंतर नाव घेणे अवघड जाते. उत्पन्नाचा दाखला, गुणपत्रिका आणि स्वतःच्या नावाचे बँक खाते तयार ठेवावे. मोबदला तासाच्या हिशेबाने मिळतो.

काम ग्रंथालयात पुस्तके लावण्याचे, कार्यालयात नोंदी करण्याचे, प्रयोगशाळेत मदतीचे, बागेत झाडांना पाणी घालण्याचे असे निरनिराळे असते. झाडलोटही असू शकते. भाऊरावांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली आणि पुढे साताऱ्याच्या वसतिगृहात निरनिराळ्या जातींच्या मुलांना एकत्र ठेवले, तेव्हा ती मुले दळणापासून विहीर खणण्यापर्यंतची कामे स्वतः करत असत आणि ‘स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद’ हे वाक्य त्यातून आले. आपल्या मित्रांना हे अवश्य सांगावे. मात्र एक दक्षता घ्यावी. काम तासिकांच्या वेळेत लावले जात असेल किंवा महाविद्यालयाच्या नियमित सेवकाच्या जागी विद्यार्थ्याला राबवले जात असेल, तर ते योजनेच्या हेतूला धरून नाही. तसे झाल्यास प्राचार्यांकडे लेखी अर्ज द्यावा आणि त्याची पोच घ्यावी. आणखी एक सूचना अशी की झालेल्या तासांची नोंद स्वतःच्या वहीतही ठेवावी आणि महिनाअखेरीस ती कार्यालयाच्या हजेरीशी ताडून पाहावी, कारण पैसे उशिरा येण्याच्या तक्रारी या सदराकडे येत असतात आणि अशा वेळी वही उपयोगी पडते.

प्रश्न : खेळांत विद्यापीठ नाव काढते असे म्हणतात. खरे आहे का?
– क्रीडाशिक्षक, निफाड

उत्तर : खरे आहे, आणि या यशाचा वाटा संलग्न महाविद्यालयांचा आहे, म्हणून मुद्दाम लिहितो. २०२० मध्ये भुवनेश्वरला पहिल्या ‘खेलो इंडिया’ विद्यापीठ क्रीडा स्पर्धा झाल्या, त्यांत पंजाब विद्यापीठ पहिले आणि पुणे विद्यापीठ दुसरे आले. सुवर्णपदके दोघांचीही १७ होती, रौप्यपदकांत पंजाब पुढे गेले. आंतरविद्यापीठ संघात निवडला जाणारा खेळाडू बहुतेक वेळा नाशिक, अहिल्यानगर किंवा पुणे जिल्ह्यातल्या एखाद्या महाविद्यालयाचा असतो आणि त्याला घडवणारा त्या महाविद्यालयाचा शारीरिक शिक्षण संचालक असतो. वर संगमनेरच्या विद्यार्थिनीला लिहिलेल्या उत्तरात जी महाविद्यालये हिशेबाबाहेर राहतात असे म्हटले, ती येथे मात्र पदकतालिकेत चढतात.

प्रश्न : आम्ही कामानिमित्त दोह्यात राहतो. येथे पुणे विद्यापीठाचे केंद्र आहे. मुलीला तेथे घातले तर पदवी पुण्याचीच मिळते का, आणि तिला पुढे भारतात पदव्युत्तर प्रवेश घेताना अडचण येईल का?
– एक आई, दोहा

उत्तर : कतारमधील हे केंद्र २०२१ मध्ये सुरू झाले. तेथील पदवी सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचीच असल्यामुळे भारतात पुढील प्रवेश घेताना परदेशी पदवीला लागते तशी समकक्षता सिद्ध करण्याची वेळ येऊ नये. प्रवेश घेण्यापूर्वी मात्र तीन गोष्टी केंद्राकडून लेखी मागवाव्यात : निवडलेल्या अभ्यासक्रमाला त्या वर्षासाठी असलेली मान्यता, अभ्यासक्रम तीन वर्षांचा आहे की नव्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार चार वर्षांचा, आणि मध्येच भारतात परतावे लागले तर पुण्यातल्या महाविद्यालयात श्रेयांक वर्ग होण्याची पद्धत. यांपैकी तिसऱ्या गोष्टीकडे पालकांचे सहसा दुर्लक्ष होते आणि आखातातल्या नोकरीत बदली किंवा करार संपणे ही नित्याची बाब असल्याने ती आपल्यासाठी सर्वांत महत्त्वाची आहे. मुलगी कतारमध्येच नोकरी करणार असेल, तर तेथील शिक्षण मंत्रालयाच्या नियमांची चौकशी वेगळी करावी लागेल, भारतीय मान्यता तेथे आपोआप लागू होईल असे गृहीत धरू नये.